मुंबईत सॅक टाकून सेकंडहॅन्ड व्हॅन शोधायची असेल तर: कॉटपासून आरसीपर्यंत सगळं

मी आणि माझा मित्र, दोघं दोन सॅक घेऊन दादरला उतरलो तेव्हा डोक्यात एवढंच होतं की आठ दिवसांत मारुतीची एखादी ओम्नी नाहीतर ईको व्हॅन घ्यायची, मागे गादी टाकायची आणि कोकणातून खाली सरकत गोवा, जमलं तर पुढे केरळ. आठ दिवसांचे सदतीस दिवस झाले. गाडी मिळाली, चांगली मिळाली, आजपण एका सेल्फला चालू होते, पण मधे जे काय शिकलो ते शिकायला एक टोकन, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, गेलं आणि नऊ दिवस गेले. आता ओळखीतले तीन-चार जण हेच करायला निघालेत आणि रोज फोनवर तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी जे सांगायचंय ते हे, की सेकंडहॅन्ड गाडी घेताना माणूस फसतो तो घाईमुळे, आणि बाहेरगावाहून आलेल्याला घाई होते ती लॉजच्या भाड्यामुळे. रोज दीड हजार लॉजला जात असतील ना तर पाचव्या दिवशी गंजलेली गाडी पण "चालेल रे" वाटायला लागते. त्यामुळे पहिलं काम गाडी बघणं नाहीये. पहिलं काम म्हणजे महिना-सव्वा महिना स्वस्तात टिकता येईल अशी जागा पकडणं. खर्च कमी असला की समोरच्याला "नको" म्हणायला धीर येतो, आणि आम्ही अकरा गाड्यांना नको म्हटलं तेव्हा बारावी मिळाली.

पहिल्या दोन रात्री

उतरल्या उतरल्या सॅक पाठीवर घेऊन खोल्या बघत फिरू नका, दमून जाल आणि पहिली मिळेल ती घ्याल. मोठ्या स्टेशनांवर क्लोकरूम असते तिथे सामान टाका, फक्त बॅगेला कुलूप पाहिजे, बिनकुलपाची बॅग घेत नाहीत, सॅकला चेनीतून घालायचं छोटं कुलूप घरूनच आणा. झोपायला रेल्वेची रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी, ट्रेनच्या तिकिटाचा पीएनआर असला की ऑनलाइन बुक होते, आणि मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल पण आहे, २०२१ मधे सुरू झालंय. डबा म्हणजे डबाच असतो पण स्वच्छ. एक-दोन रात्रींना ठीक, त्यापुढे ते पण महाग पडतं.

महिनाभर टिकायचं कुठे

इथे आपल्या लोकांकडे एक गोष्ट आहे जी कुठल्या अ‍ॅपवर सापडत नाही. गावाची खोली. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांच्या मंडळांनी गिरण्यांच्या काळात लालबाग-परळ, डिलाईल रोड, डोंगरी, डॉकयार्ड या भागात चाळीत खोल्या घेऊन ठेवल्यात, गावचा पोरगा कामाला आला की त्याला डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून. गिरण्या गेल्या, बऱ्याच चाळींचे टॉवर झाले, तरी काही खोल्या अजून आहेत. माझं गाव जावळी तालुक्यातलं, घरी आजोबांना विचारलं तर ते म्हणाले अरे आपली खोली आहे की लालबागला, मला आयुष्यात माहीत नव्हतं! गावच्या मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला, कोणाचा कोण ते सांगितलं, आणि काम झालं. महिन्याला नाममात्र वर्गणी.

पण तिथे राहायचं तर तिथल्या रीतीने राहायचं. खोली दहा बाय पंधराची, राहणारे नऊ जण, प्रत्येकाची भिंतीला एक पेटी आणि एक खुंटी, रात्री सगळ्यांच्या वळकट्या एकाला एक लागून. पाणी पहाटे येतं आणि जाऊन-येऊन तासभर असतं, त्या वेळात उठून पिंप भरायला हात लावला की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाहुणे राहत नाही. रात्रपाळीवाले सकाळी झोपलेले असतात, मोबाईलचा आवाज बंद. दारू-सिगरेट अजिबात नाही. आणि ही सोय बहुतेक फक्त पुरुषांसाठी असते हे पण सांगून ठेवतो. मुलींनी वर्किंग विमेन्स हॉस्टेल किंवा महिन्याच्या बोलीवर लेडीज पीजी बघावं, दादर-माटुंगा-अंधेरी पट्ट्यात बरेच आहेत, रात्री किती वाजता गेट बंद होतं ते आधी विचारून घ्या कारण गाडी बघायला वसई-कल्याणला गेलात तर परत यायला सहज दहा वाजतात.

गावाची खोली नसेल तर कॉट बेसिस. म्हणजे कोणाच्या तरी खोलीत एक कॉट तुमची, बाथरूम सामाईक. चाळीच्या जिन्याखाली, पानाच्या टपरीवर, खानावळीच्या काउंटरला कागदावर लिहून लावलेलं असतं, आणि खानावळवाल्याला विचारलंत तर सगळ्यात खरी माहिती मिळते, कारण त्याच्याकडे जेवणारे अर्धे कॉटवरचेच असतात. घेताना विचारायचं ते एवढंच: पाणी किती वाजता, डिपॉझिट किती आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं, पेटी-कपाटाला स्वतःचं कुलूप लावता येईल का, आणि मधेच सोडलं तर उरलेले पैसे. डिपॉझिट दिलं की व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना मालकाकडून "इतके मिळाले" असं लिहून घ्या. आधारची झेरॉक्स मागतील, पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यावी लागते म्हणून, द्या, पण झेरॉक्सवर आडवं "फक्त खोलीसाठी" लिहून तारीख टाकून सही करून द्या. ब्रोकरच्या नादी लागू नका, तो अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर धंदा करतो आणि एक भाडं दलाली घेतो, आपल्याला महिना-दीड महिनाच काढायचाय.

कुठल्या भागात

गाडी कुठे मिळेल ते आधी माहीत नसतं. आज वसई, उद्या बदलापूर, परवा पनवेल. म्हणून जागा अशा स्टेशनजवळ पाहिजे जिथून लाइन बदलता येते. दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही, कुर्ल्याला सेंट्रल आणि हार्बर, ठाण्याहून वाशी-पनवेलकडे ट्रान्सहार्बर, अंधेरीला वेस्टर्न, हार्बर आणि घाटकोपरला जाणारी मेट्रो. समुद्र दिसतो म्हणून कुलाब्यात राहणारे बॅकपॅकर मी बघितलेत, फिरायला आले असतील तर छानच, पण गाडी शोधायला तिथून रोज निघायचं म्हणजे अर्धा दिवस प्रवासातच जातो. आम्ही लालबागला होतो, करी रोड आणि चिंचपोकळी जवळ, फक्त तिथे फास्ट लोकल थांबत नाही, मग दादरला येऊन फास्ट पकडायची.

सुरुवातीच्या दिवसांत लोकलचं टुरिस्ट तिकीट काढलं तर बरं पडतं, १, ३ आणि ५ दिवसांचं मिळतं, त्यात सगळ्या लाइन चालतात. बेस्टचं कमीत कमी भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालंय, तरी रिक्षा-टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि रविवारचं लक्षात ठेवा. गाडी विकणारा नोकरदार असला की तो हमखास रविवारचीच वेळ देतो आणि रविवारी कुठल्या ना कुठल्या लाइनला मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद, असतो, शनिवारी रात्री ते बघितल्याशिवाय कोणाला वेळ देऊ नका, आम्ही एकदा विद्याविहारला दीड तास उभे होतो आणि पोहोचेपर्यंत गाडी गेली होती दुसऱ्याला.

जेवण सोपं आहे. सकाळी पोहे-चहा, दुपारी पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या-भाजी बांधून, रात्री खानावळीत महिन्याचं कार्ड. वडापाववर दिवस काढू नका, पहिल्या आठवड्यात मित्राचं पोट बिघडलं आणि तीन दिवस घरी, म्हणजे खोलीवर.

ओम्नी का ईको

बजेटमधे खरं तर या दोनच. ओम्नी म्हणजे १९८४ ची जुनी मारुती व्हॅन, ७९६ सीसीचं तीन सिलेंडर इंजिन, २०१९ मधे बनवणं बंद झालं. अगदी शेवटची ओम्नी घेतलीत तरी ती आता जुनीच. लहान, गल्लीत कुठेही वळते, कोणताही मेकॅनिक डोळे मिटून दुरुस्त करतो, पण लांबीला ३३७० मिलिमीटर म्हणजे सव्वाअकरा फुटांच्याही आत, दोन मोठ्या माणसांनी मागे रोज झोपायचं म्हणजे अवघड. आणि घाटात सामानासकट फर्स्ट-सेकंडलाच चढते. ईको २०१० ला आली, १२०० सीसीच्या आसपासचं चार सिलेंडर इंजिन, लांबी ३६७५ मिलिमीटर. ते एक फूट कागदावर काही वाटत नाही, झोपल्यावर कळतं. माझं स्पष्ट मत आहे की दोघं असाल आणि महिन्यापेक्षा जास्त फिरणार असाल तर ईकोच, भले एक वर्ष जुनी चालेल.

दोन्ही गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि चाकं मागची फिरतात. म्हणजे उन्हाळ्यात तासाभराने सीट गरम होते आणि पुढे बॉनेट नाही, असलं तर नावापुरतं, ठोकलं तर समोर फार काही नाही, त्यामुळे या गाडीने सावकाश फिरायचं असतं.

सीएनजीचा मोह सगळ्यांना होतो. मुंबईत पंप भरपूर आहेत, तळकोकणात उतरलात की ते विरळ होतात, आणि मुख्य म्हणजे सिलेंडर मागे बसतो, जिथे तुमची गादी यायची तिथेच. आम्ही पेट्रोल घेतली. सीएनजी घ्यायचीच असेल तर किट आरसीवर, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर, चढवलेलं पाहिजे आणि सिलेंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, झालेली पाहिजे, सिलेंडरला पाटी असते तिच्यावर तारीख बघा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका.

अजून एक, नंबरप्लेट पांढरीच बघा. पिवळ्या प्लेटच्या ईको खूप येतात, स्कूलव्हॅन, टुरिस्ट, मालवाहू, आणि त्या स्वस्त दिसतात. पण त्यांना पासिंग (फिटनेसची तपासणी), परमिट, वेगळा विमा, आणि खासगी करून घ्यायची तर आरटीओचा वेगळा उद्योग. मालवाहू गाडीत मागे माणसं झोपवून फिरणं तर कायद्यात बसतच नाही.

शोधायची कशी

ऑनलाइन जाहिराती सगळे बघतात, बघा. त्याशिवाय डेकोरेटर, केटरर, बेकरीवाले, साउंडवाले यांच्याकडे विचारा, यांच्याकडे कायम एक जुनी ईको निघायच्या मार्गावर असते. लालबागला राहून आम्हाला हाच फायदा झाला, खोलीतल्या एकाचे मामा मंडप डेकोरेटरकडे कामाला, त्यांच्याकडून दोन पत्ते मिळाले. दसरा-दिवाळी आणि पाडव्याला लोक नवीन गाडी काढतात, त्याच्या आगेमागे जुन्या बाहेर पडतात. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस घेऊ नका, तेव्हा ज्याला-त्याला गावी जायला मोठी गाडी हवी असते आणि विकणारा भावातून एक रुपया सोडत नाही.

फोनवरच अर्धं काम होतं, उगाच भाडं खर्चून जायचं नाही. मी एवढं विचारायचो:

"काका, गाडी तुमच्याच नावावर आहे ना?"
"हो हो, माझ्या मेव्हण्याच्या."
"मग सही करायला ते येतील का?"
"ते दुबईला असतात, पण तुम्ही काळजी करू नका हो, एजंट आहे आपला."

इथेच फोन ठेवायचा, प्रेमाने. मालक स्वतः समोर पाहिजे, हा नियम एकदा पण मोडू नका.

गाडी नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. कितवा मालक, रजिस्ट्रेशन कधीचं, विमा आणि पीयूसी (प्रदूषणाचा दाखला) चालू आहे का, बँकेचा बोजा म्हणजे गाडीवरचं कर्ज आहे का, सगळं दिसतं. चलान वेगळं बघायचं, महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर, एका ईकोवर आम्हाला चौदा चलानं दिसली. एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली, ०४ ठाणे, ४३ वाशी, ४६ पनवेल, हे पाठ झालं की नंबर वाचून गाडी मूळ कुठली ते लगेच कळतं. दिल्लीच्या नंबरच्या गाड्या स्वस्तात मिळतात, तिथे जुन्या गाड्यांना वयाची अडचण आहे म्हणून, पण त्या इथे आणल्या की एनओसी (ना-हरकत दाखला), नवीन रजिस्ट्रेशन आणि इथला रोड टॅक्स, बजेटवाल्याने त्या वाटेला जाऊच नये. आणि खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी बघताना पुढच्या नूतनीकरणाचा आणि पर्यावरण कराचा खर्च भावात धरा.

बघायला गेल्यावर

सकाळी जा, उजेडात जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर पहिलं काम, पुढची सीट उचलून इंजिनवर सांभाळून हात ठेवायचा. गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालू केलंय, का केलंय ते विचारा. थंड इंजिन एका-दोन सेल्फमधे उठलं पाहिजे. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ चहासारखा थर असला तर पाणी ऑइलमधे जातंय, तिथूनच परत फिरा. मागून निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय.

आता मुंबईची खास गोष्ट, पाणी आणि गंज. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेवढा परत झाला नाही पण हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, किंग्ज सर्कल, कुर्ला इथे दर पावसाळ्यात गाड्या पाण्यात उभ्या राहतात. त्या नंतर धुवून, अत्तर मारून विकायला येतात. बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा पट्टा स्वच्छ असतो, कायम गुंडाळलेला जो शेवटचा हात-दीड हात भाग असतो ना त्याच्यावर मातकट रेघ असते, ती कोणी धूत नाही. कांदिवलीच्या एका ईकोला वरून सीट कव्हर नवीन, डॅशबोर्डला पॉलिश, आणि मी बेल्ट ओढला तर वीतभर अंतरावर चहाच्या डागासारखी सरळ रेघ, मी ती बोटाने घासली तर बारीक रेती हाताला लागली. मालक काही बोलले नाहीत. आम्ही पण काही न बोलता निघालो.

मग मॅट उचलायचं. ड्रायव्हरच्या पायाखालचं, मागच्या सीटखालचं, आणि मागच्या दरवाजाजवळचं. खाली पत्रा हाताने दाबून बघा, करकर आवाज आला किंवा रंगाखाली फोड लागले तर आतून सडलाय. समुद्राजवळच्या गाड्या, वर्सोवा, माहीम, कुलाबा, यांना खारी हवा खालून खाते. सरकत्या दरवाजाची खालची पट्टी बघा, तिथे पाणी साचून सगळ्यात आधी गंज धरतो, दरवाजा एका हाताने सरकला पाहिजे. एक छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून खिशात ठेवा, पत्र्यावरून फिरवा, जिथे धरत नाही तिथे लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरून रंग मारलेला आहे.

टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचे टायर असतील तर नव्या चार टायरचे पैसे भावातून मागा, नक्षी कितीही चांगली दिसो.

चालवून बघताना मालकाला शेजारी बसवा आणि दोन रस्ते निवडा, एक खड्ड्यांचा आणि एक चढाचा. खड्डे शोधायला लागत नाहीत. चढाला पेडर रोड छान, नाहीतर जवळचा कुठलाही फ्लायओव्हर. थर्डला टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी तिथेच राहिली तर क्लच गेलाय. चाळीस-पन्नासच्या स्पीडला मागून घूं असा सलग आवाज येतो का ऐका, रेडिओ बंद, काचा वर, तो डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा, असतो आणि खर्चिक असतो. ब्रेक मारताना एका बाजूला ओढते का. आणि शेवटी, लाज न बाळगता मागची सीट पाडून आडवे व्हा. दोघंही. पाय लागतात का, डोकं कुठे येतं, टेपने मोजलेलं आणि झोपून बघितलेलं यात फरक पडतो.

इतकं सगळं पटलं तरच मेकॅनिक घेऊन परत जायचं. मेकॅनिक आपला, मालकाने सुचवलेला नाही. आम्ही दिवसाला पाचशे आणि जेवण या बोलीवर परळच्या एका गॅरेजमधल्या मिस्त्रींना तीनदा नेलं. तिसऱ्या वेळी त्यांनी गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपून दहा मिनिटं बघितलं, बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "घेऊन टाका, खालून मुलीसारखी सांभाळलीय." तीच आमची गाडी.

टोकन आणि कागद

आता आमचं काय झालं ते. उपनगरातल्या एका डीलरकडे सहाव्याच दिवशी एक ईको आवडली, त्याने सांगितलं अजून दोन गिऱ्हाईकं आहेत, आम्ही पाच हजार टोकन दिलं, पावती कच्ची. आरसीवर बँकेचा बोजा होता. "लोन क्लिअर आहे, एनओसी येईल दोन दिवसांत." दोन दिवसांचे नऊ झाले, एनओसी आली नाही, कारण दोन हप्ते बाकी होते हे शेवटी मूळ मालकाला शोधून विचारलं तेव्हा कळलं. टोकन परत मिळालं नाही.

त्यामुळे टोकन द्यायच्या आधी बघायचे कागद असे: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, मालकाचं आधार-पॅन, आणि बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा), हातात, "येईल" नाही. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, गाडीवर स्वतः वाचून आरसीशी एकेक अक्षर जुळवा. टोकन द्यायचं तर बँकेतून मालकाच्या खात्यात, आणि साध्या कागदावर लिहून: गाडी नंबर, ठरलेला भाव, टोकन, कोणत्या तारखेपर्यंत कागद देणार, नाही दिले तर टोकन परत. दोघांच्या सह्या. त्या कागदाला जो नाही म्हणतो त्याला टोकन नाही.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, त्यावर मालकाच्या सह्या आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन "नंतर भरू" असं करू नका, विकणाऱ्याने पण तशी देऊ नये. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरला जातो आणि मालकाच्या आरसीला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो, तो नंबर चालू आहे का हे आधीच विचारून ठेवा, इथे लोक आठवडेच्या आठवडे अडकतात. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमा पण चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, म्हणून थोडा फरक भरावा लागतो.

कॉटवर राहताय म्हणून मुंबईचा पत्ता कुठून आणू याची चिंता करू नका. आधार गावचं असेल तर गाडी गावच्या आरटीओला करून घ्या, आमची साताऱ्याला झाली, एमएच ११ च्या ऑफिसला. नंबर मुंबईचाच राहतो. त्या निमित्ताने एकदा घरी जाऊन आलो, आईने मागे झोपून बघितलं आणि दुसरी उशी दिली.

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवीन हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागलीय का बघा, नसेल तर तो खर्च मालकाचा. जुना फास्टॅग मालकाकडून बंद करून घ्या आणि आपल्या नावाचा नवीन लावा. पूर्ण पैसे द्यायच्या दिवशी गाडी ताब्यात घेतली ती तारीख आणि वेळ कागदावर लिहून दोघांनी सही करायची, त्याच्या आधीचं चलान त्यांचं, नंतरचं आपलं.

आमची २०१५ ची, दुसरा मालक आम्ही, दोन लाख दहा हजार. सुरुवात दोन लाख पस्तीसपासून झाली होती, टायर आणि क्लच दाखवून तेवढं कमी झालं.

गाडी हातात आल्यावर

लगेच उभी कुठे करायची ते आधी ठरवा. चाळीत जागा नाही, सोसायटीत स्टिकरशिवाय आत घेत नाहीत, रस्त्यावर टोइंग. आम्ही डोंबिवलीला चुलत्यांकडे ठेवली आणि कामं तिथेच केली. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांना लहान गाड्यांना टोल नाही, त्यामुळे ठाणे-मुंबई ये-जा आता खिशाला लागत नाही. शहरात गाडीत झोपू नका, एकतर पोलीस उठवतात, दुसरं म्हणजे मे महिन्यात आतमधे हवाच नसते.

सीट कायमच्या काढून, बोल्टने फळ्या ठोकून पलंग करायचा नाही. आरसीत लिहिलंय त्यापेक्षा गाडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागते. आम्ही मागची सीट पाडून तिच्यावर ठेवता येईल अशी तीन तुकड्यांची प्लायची फळी केली, उचलून काढता येते, आणि गादीवाल्याकडून तीन घडीची गादी मापाने शिवून घेतली. सीटकव्हर, रबर, छोटे पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पंखा-एलईडी-वायर लोहार चाळीला. मागच्या काचांना मच्छरदाणीचं कापड मॅग्नेटने लावलंय. स्वयंपाकाला पाच किलोचा छोटा सिलेंडर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र चालतं, पण शेगडी पेटवायची ती गाडीच्या बाहेरच, दरवाजे बंद करून आत कधीच नाही, पाऊस असला तरी नाही, त्या दिवशी बाहेर जेवा.

लगेच लांब जाऊ नका. पहिली फेरी दोन रात्रींची करा, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट, आणि अलिबागच्या बाजूला काही बिघडलं तरी परत यायला जवळ. त्या दोन रात्रींत आम्हाला तीन गोष्टी कळल्या: मागच्या उजव्या दाराचं रबर गळतंय, रिझर्व्हचा काटा खोटा आहे, आणि मित्र घोरतो. रबर परत येऊन बदललं.

आणि खोली सोडताना आठ दिवस आधी सांगा, वर्गणी पूर्ण महिन्याची द्या, तुमची खुंटी रिकामी झाली की तिथे कोणीतरी गावाहून निघालेलाच असतो.